अक्काच्या गाडीचं तेल

आमच्या घराण्याला एक खोड आहे. काही बिघडलं, काही कमी पडलं, की आम्ही उघडून बघत नाही, आधी त्यात काहीतरी घालतो. सांबार बेचव झालं, घाल चिंच. झाड वाढेना, घाल शेण. पोरगं गणितात मागे पडलं, लाव आणखी एक शिकवणी. याला कारण आहे. आम्ही मूळचे रंगारी. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात आम्ही बोलतो ते मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसू दाबतात. पण अप्पांपर्यंत, म्हणजे माझ्या वडिलांपर्यंत, मागच्या अंगणात रंगाच्या हंड्या होत्या. चुलाणावर तांब्याची मोठी हंडी, तिच्यात रेशमाच्या लडी. रंग फिका चढला की अप्पा म्हणायचे, हंडीत काहीतरी कमी आहे. मग तुरटी, नाहीतर हिरड्याचं पाणी, नाहीतर आणखी काहीतरी चिमूटभर. आणि खरंच रंग चढायचा.

हे वाक्य ऐकत मी वाढलो. अप्पा त्याच्या पुढे आणखी एक वाक्य बोलायचे, ते मात्र मी सोयीनं विसरलो. त्याचं प्रायश्चित्त माझ्या बहिणीला भोगावं लागलं.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण लोखंडी पट्ट्या बांधल्याशिवाय उभा राहत नाही, आणि पट्ट्या बांधल्या तरी हातात काठी लागते. शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. बघायला आलेल्यांपेक्षा वर्गातली पोरं बरी वाटली, असं ती सांगते, आणि पुढे कुणी विचारलं तर "सुम्ने बस" म्हणून गप्प करते. सुम्ने म्हणजे उगाच, गुमान. आमच्या घरात हा कानडी शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो, आणि त्यातल्या चाळीस वेळा अक्काच्या तोंडून.

तिची गाडी अप्पांनी शोधली. कॉफीच्या मळ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विलायतेहून आणलेली, चिमुकली, चौकोनी डोक्याची. बाई साडीचा रंग बदलून घ्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की आपल्या गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला कामच नाही. अप्पा हंडी ढवळायचे थांबले. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण पुढचं दीड वर्ष ते त्या बाईंच्या मागे लागले आणि शेवटी गाडी आमच्या अंगणात आली. हंड्या एका बाजूला सरकवून तिला जागा केली. गल्लीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली, लंगड्या पोरीला गाडी कशाला म्हणून. अक्कानं ललितमहाल रस्त्यावर महिनाभरात शिकून दाखवली. शेजारी अप्पा डोळे मिटून, हात जोडून बसलेले असायचे.

त्या दिवसापासून अक्कानं कुणाला "मला जरा सोड" म्हटलं नाही. शाळा, बाजार, बँक, सगळीकडे ती आणि तिची गाडी. अप्पा गेले तेव्हा टी. नरसीपूरच्या संगमावर अस्थी घेऊन जायचं होतं. सगळे म्हणाले टॅक्सी करू. अक्का म्हणाली, अप्पांना माझ्याच गाडीतून न्यायचं. मडकं माझ्या मांडीवर आणि चाक तिच्या हातात, असे आम्ही गेलो. वाटेत तिनं एकदाही ब्रेक दाबून मडक्याला धक्का बसू दिला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती चामुंडीच्या डोंगरावर जायची. देवीला जाते असं सांगायची. माझ्या मते ती डोंगरालाच जायची. आमच्या घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्या हजार पायऱ्या चढल्यात. अक्का लहानपणी खाली चपला सांभाळत बसायची. गाडी आल्यावर तिला चपला सांभाळाव्या लागल्या नाहीत.

पण गाडीचंही वय झालं. तीन वर्षांपूर्वी ती चढावर धापा टाकायला लागली. डोंगरावरच्या दगडी नंदीकडे जाणारा फाटा सोडला की पुढे एक आवळ वळण आहे, तिथे तर जीव जायचा तिचा. ट्रिपल सीट पोरं स्कूटरवरून हसत पुढे जायची. एकदा मागच्या बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं की ढकलू का. त्या दिवशी घरी येऊन अक्का पट्ट्या सोडत बसली होती. खाली बघत म्हणाली, "तू एवढी कंपनीतली मशिनं सांभाळतोस. माझ्या गाडीला जरा ताकद आणून दे की."

पन्नास वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी कडकोळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप, कॉम्प्रेसर, पट्टे, बेअरिंग, सगळं बघतो. माझी छाती दोन इंच फुगली.

मंडी मोहल्ल्यात एक म्हातारा मेकॅनिक आहे, अक्काची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातातली. त्याच्याकडे गेलो. त्यानं मनापासून केलं. कार्बुरेटर खोलून धुतला, टायमिंग लावलं, व्हॉल्व्हची फट मोजली, मागच्या चाकाचा एक ब्रेक घासत होता तो मोकळा केला. कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सकडे एक बारीक दांडी जाते, गिअर कधी बदलायचा ते तीच ठरवते. ती लावायला त्याला अख्खी दुपार लागली. डिक्कीतून पाण्याचा कॅन, जुन्या गणिताच्या पुस्तकांची पेटी आणि एक पाटा निघाला. पाटा कधी ठेवला ते अक्कालाही आठवेना. गाडी बरीच सुधारली. पण मला बरीच नको होती, मला चमत्कार हवा होता.

म्हातारा म्हणाला, आपोआप गिअर पडतात ते फुकट पडत नाहीत, त्यात इंजिनाची थोडी ताकद जातेच. ही गाडी याहून जास्त देणार नाही, चढावर गिअरची लिव्हर हातानं दोनवर ठेवायची आणि घाई करायची नाही. मी हटून बसलो, काहीतरी उपाय असेलच की. त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "ओब्बरन्ना इळसी सार." एकाला खाली उतरवा, सर. गॅरेजमधली सगळी हसली. मला राग आला, आणि माझा राग वाईट. निघताना त्यानं मागून सांगितलं की या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकच तेल पितात, तेव्हा तेलाला हात लावायचा नाही, लागलं तर माझ्याकडे या. मी मान हलवली. हलवली म्हणजे नुसती हलवली. मला तेल शिकवतोय हा, असंच मनात आलं.

आठ दिवसांनी मी बाजारातून एक बाटली आणली. इंजिनाच्या तेलात घालायचं औषध, घर्षण कमी करतं, ताकद वाढवतं, असं वर लिहिलेलं. आमच्याकडच्या कॉम्प्रेसरला असलंच काहीतरी घालायचो आणि तो कसा मऊ चालायचा. इंजिनात कमी आहे ना काहीतरी, मग घाला. अक्का आत पोरांची शिकवणी घेत होती. मी अंगणात, जिथे अप्पांची हंडी असायची जवळजवळ त्याच जागी उभं राहून, बाटली ओतली. सगळी. वर गाडी सुरू करून कान लावला. आवाज लोण्यासारखा. अक्काला काही सांगितलं नाही, कारण तिला डोंगरावर आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला.

पुढच्या मंगळवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. अक्का चाकावर, मी शेजारी, माझी बायको मागे नारळाची पिशवी घेऊन. सपाटीवर गाडी सुरेख पळाली. अक्का खूश होती, इतकी की बायकोला म्हणाली, तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे बघ थोडी. फाटा गेला. वळण आलं. तिनं लिव्हर दोनवर ओढली, मी बघितलं. दोनवर. मग एकाएकी इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी पुढे जायची थांबली. तिनं आणखी दाबलं, आणखी किंचाळलं. आणि मग आम्ही मागे जायला लागलो.

मागे एक स्कूटर होती. तिच्यावर एक बाई आणि पुढे उभं राहिलेलं लेकरू. बायको ओरडली. अक्कानं उजव्या पायानं ब्रेक दाबला, हातानं हँडब्रेक ओढला, गाडी तिरकी होऊन कठड्याला घासली आणि थांबली. स्कूटरवाली कशीबशी बाजूला निघाली. लागलं कुणालाच नाही. पण ती बाई खाली उतरून लेकराला छातीशी धरून रडायला लागली आणि ते रडणं मला अजून ऐकू येतं.

लोक जमले. गर्दीत एक शहाणा असतोच. त्यानं खिडकीतून आत डोकावून बघितलं, लिव्हर न्यूट्रलला होती. साहजिकच होतं, गाडी थांबल्यावर अक्कानंच ती तिथे ढकलली होती. तो कानडीत म्हणाला, आजी, न्यूट्रलवर चढ चढतात का?

अक्कानं लिव्हरकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. "माझाच हात लागला असेल," ती म्हणाली. "वळणावर धक्का लागून न्यूट्रलला गेली असेल."

मला माहीत होतं की गेली नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हेही त्याच क्षणी कळलं की हे त्या बाटलीचं काम होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण लोक माझ्याकडे बघत होते, ती बाई बघत होती, बायको बघत होती. मी मिठाची गुळणी धरून बसलो. मनात म्हटलं, घरी गेल्यावर सांगू.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. म्हाताऱ्यानं तेल काढलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "इदरल्ली एनु हाकिद्दीरा?" यात काय घातलंत? अक्का बाकावर बसली होती, तिला ऐकू जात होतं. मी म्हटलं काही नाही, जुनंच तेल असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग कामाला लागला आणि कुणालाही उद्देशून नसल्यासारखं बोलत गेला, गिअरबॉक्सच्या आत पट्टे असतात, ते पिंपाला आवळून धरतात तेव्हा चाकं फिरतात. पट्ट्यांना घर्षण लागतं. तेल फार गुळगुळीत झालं की पट्टे घसरतात, मग इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही.

तिथे, त्या तेलकट फरशीवर उभं असताना, मला अप्पांचं दुसरं वाक्य आठवलं. हंडीत काहीतरी कमी आहे, म्हणायचे, पण घालण्याआधी आत कुणाकुणाचं कापड आहे ते बघ. एका हंडीत दोन गिऱ्हाइकांच्या लडी असायच्या. एकीला हवी ती तुरटी दुसरीचा सत्यानाश करायची. हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. पन्नासाव्या वर्षी मेंटेनन्सचा बिल्ला लावून विसरलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

म्हाताऱ्यानं तीन वेळा तेल बदलून गाडी धुतली, पट्टे आवळले. गाडी पहिल्यासारखी झाली. अक्का मात्र झाली नाही.

पहिल्यांदा तिनं डोंगर सोडला. मग गर्दीचा बाजार. मग म्हणाली, रिक्षा बरी. मला वाटलं चार दिवसांनी निवळेल. आणि खोटं कशाला बोलू, एका कोपऱ्यात मला बरंही वाटलं, त्या जुन्या डब्यातून तिनं हिंडू नये असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. आता तिनं आपणहून सोडलं, मग आपण कशाला उकरा. घरी गेल्यावर सांगू, त्याचं उद्या सांगू झालं, उद्याचं दिवाळीनंतर.

पण नुसती गाडी सुटली नाही. अक्का गॅसचं बटण बंद केल्यावर परत जाऊन बघायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. दाराची कडी तशीच. शिकवणीत एकोणीस गुणिले सतरा तोंडानं सांगणारी बाई कागदावर मांडायला लागली आणि मांडलेलं पुसून पुन्हा मांडायला लागली. एका पोरीनं हसून विचारलं, मिस, तुम्हालाच येत नाही का. पुढच्या महिन्यात अक्कानं शिकवण्या बंद केल्या. बायको म्हणाली, वय झालं हो त्यांचं. मी म्हटलं, हो, वय.

एकदा तिनं मला डॉक्टरकडे चल म्हटलं. डोक्याचा डॉक्टर. ती त्याला शांतपणे सांगत होती की माझा हात माझ्या नकळत काहीतरी करतो, मी एका जागी ठेवते आणि तो दुसरीकडे जातो. डॉक्टरनं विचारलं, असं किती वेळा झालं? ती म्हणाली, एकदा. पण त्या एका वेळी एक लेकरू मेलं असतं. डॉक्टरनं माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही तिथे होता का, तुम्ही काय बघितलंत? मी म्हटलं, सगळं फार पटकन झालं. त्या दवाखान्यातून बाहेर पडताना मी तिच्या पुढे चालत होतो, कारण मागे राहिलो असतो तर तिचा तो पाय आणि ती काठी बघावी लागली असती. मला माझी लाज वाटत होती. लाज वाटूनही सांगितलं नाही, हे जास्त वाईट.

अशी दोन वर्षं गेली. गाडी अंगणात झाकून. मग यंदा उन्हाळ्यात बेंगळुरूहून एक तरुण आला. जुन्या गाड्यांचा शौकीन, बोलायला गोड. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली झोपून बघितलं. त्याचा बेत त्यानं आनंदानं सांगितला. हे आपोआप गिअरचं लोढणं काढून टाकायचं, साधा गिअरबॉक्स आणि मोठं इंजिन बसवायचं, मग बघा कशी बाणासारखी जाते. अक्का म्हणाली, न्या. कुणीतरी नीट चालवणारा चालवू दे. रविवारी न्यायचं ठरलं.

बुधवारी म्हाताऱ्या मेकॅनिकचा फोन आला. त्याला कुठूनतरी कळलं होतं. तो कधी फोन करत नाही. तो एवढंच म्हणाला की गाडी गेल्यावर सांगून काही उपयोग नाही सार, जायच्या आधी सांगा.

दुपारी अक्का अंगणात खुर्ची टाकून गाडीचा खण रिकामा करत होती. लायसन्स, एक मोडकी पेन्सिल, देवीचा वाळलेला हार, आणि अप्पांनी काच पुसायला दिलेलं लाल फडकं, इतक्या वर्षांत ज्याचा रंग गेला नव्हता. मी समोर पायरीवर बसलो आणि सांगितलं. बाटली, मेकॅनिकची ताकीद, दोनवर असलेली लिव्हर, डॉक्टरनं विचारलेलं, सगळं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा शहाणा झालो असतो.

अक्कानं फडक्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"दोनवर होती?"

"दोनवर होती."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि तेल बदलून पुढच्या मंगळवारी गेले असते. दोन वर्षं मी या हाताशी भांडतेय रे." मग ती उठली, गाडी धरून, भिंत धरून आत गेली. मी काठी पुढे केली ती तिनं घेतली नाही.

पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोही बोलली नाही, तिलाही मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. अक्कानं बेंगळुरूच्या त्या मुलाला स्वतः फोन करून गाडी विकायची नाही असं कळवलं. मंडी मोहल्ल्यातून म्हातारा आला, बॅटरी घातली, तेल घातलं, त्याचं तेल. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता अक्कानं माझ्या खोलीचं दार काठीनं वाजवलं. "चल."

बायकोला नको म्हणाली, फक्त मी. बसल्यावर तिनं काठी माझ्या गुडघ्यांमध्ये दिली, नेहमी तिथेच असते. चाक तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. सपाटीवरच्या दर सिग्नलला ती लिव्हरकडे बघत होती. तीन तीन वेळा. मागचे हॉर्न वाजवत होते. मी गुडघ्यांमधली काठी धरून समोर बघत बसलो.

चढ लागला. लिव्हर दोनवर. गाडी धापा टाकत, पण चढत होती. फाटा गेला. वळण आलं, तेच, कठड्यावर आमच्या गाडीच्या रंगाचा ओरखडा अजून होता. इंजिनाचा आवाज खाली खाली आला, वेग पायी चालण्याइतका झाला. अक्कानं गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"उतर."

मी विचारलं, काय झालं, काही वास येतोय का?

"काही नाही. गाडीला ताकद पाहिजे होती ना तुला? उतर."

मी उतरलो. दार लावलं. ती समोर बघत होती, मग लिव्हरकडे, मग समोर. हँडब्रेक सोडला. गाडी चारेक बोटं मागे सरकली. मग तिनं दाबलं, आणि माझं ऐंशी किलो वजन उतरलेली ती चिमुकली गाडी वळण घेऊन वर गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता, कुठेही अडखळला नाही.

चालायला लागल्यावर लक्षात आलं की अक्काची काठी माझ्या हातात आहे. काठीशिवाय ती गाडीतून उतरू शकत नाही. मी पळायला लागलो. पन्नाशी उलटलेला माणूस सकाळच्या उन्हात चढावर लंगडीची काठी घेऊन पळतोय, बसमधली माणसं वळून बघत होती. थोडं पळून दम लागला, मग चालत, मग पुन्हा पळत, असा अर्धा तास.

गाडी वर झाडाखाली उभी होती. काच खाली. अक्का चाकावरच बसलेली, तोंड घामेजलेलं, डोळे लाल. शेजारच्या फुलवालीनं मला सांगितलं की मी हात देते म्हटलं तर बेडा म्हणाल्या, नको म्हणाल्या, माणूस येतोय म्हणाल्या. मला धाप लागली होती. कसंबसं म्हटलं की काठी चुकून माझ्याकडे राहिली.

"चुकून नाही," अक्का म्हणाली. "ती नसती तर तू बस पकडून खाली गेला असतास. तोंड चुकवायची सवय आहे तुला."

मी काठी पुढे केली. तिनं घेतली. उतरण्याआधी लिव्हरकडे एकदाच बघितलं आणि पाय बाहेर टाकला.